मदत हवी आहे: नवव्या लेव्हलचे (सगळ्यात ताकदीचे) स्पेल, म्हणजे जादूचे मंत्र, कॉम्प्युटर गेममध्ये कसे बसवायचे?

मंडळी, मी एक छोटा टर्न-बेस्ड आरपीजी (आळीपाळीने चाली करायचा रोल-प्लेइंग गेम) बनवतोय. नियम साधारण डी अँड डी (‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर खेळायचा गेम) याच्या पाचव्या आवृत्तीसारखे. सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल निभावले, पुढे गाडी अडली. टेबलावर ‘विश’ला (जवळपास काहीही मागता येणारा नवव्या लेव्हलचा स्पेल) डीएम, म्हणजे खेळ चालवणारा माणूस, आवर घालतो, इथे तो कुठून आणू? ‘बाल्डर्स गेट २’ या कॉम्प्युटर गेममध्ये विश टाकला की पर्यायांची यादी येते आणि पात्राचं विस्डम (शहाणपणाचे गुण) कमी असेल तर पर्याय वाईट निघतात. ते पटतं, पण ‘शेपचेंज’चं (दुसऱ्या प्राण्याचं रूप घ्यायचा स्पेल) काय? ‘बाल्डर्स गेट ३’वाले पात्राच्या बाराव्या लेव्हललाच थांबले, म्हणजे असले स्पेल आलेच नाहीत, शहाणेच म्हणायचे!

दुसरं दुखणं विश्रांतीचं. विझार्ड (जादूगार) प्रत्येक लढाईनंतर झोपून स्लॉट (स्पेल टाकायच्या ठरावीक संधी) भरून घेतो आणि बिचारा फायटर नुसता बघत बसतो. विश्रांतीवर बंधन घालू की स्लॉटच कमी करू? कुणी प्रत्यक्ष बनवलं असेल तर प्लीज सांगा.