ऑनलाइन अक्रिलिक मिक्स्ड मीडिया कोर्स: निपाणीत बसून सामान कसं जमवू?

निपाणी_रंगपेटी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात अक्रिलिक मिक्स्ड मीडियाचा (रंग, कागद, पेस्ट असं एकाच चित्रात थर देऊन करायचं काम) ऑनलाइन कोर्स सुरू करतेय. शिकवणाऱ्या बाई परदेशातल्या आहेत. व्हिडिओ थांबवून परत बघता येतात, त्यामुळे इंग्रजीची भीती नाही. घोर लागलाय तो सामानाच्या यादीचा. हेवी बॉडी म्हणजे घट्ट रंग (त्यात क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, थॅलो ब्लू, फिकट मळकट पांढरा टायटन बफ), जेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर), मॅट मीडियम आणि जेल मीडियम (रंगात मिसळायची, कागद चिकटवायची अक्रिलिक द्रव्यं), मॉडेलिंग पेस्ट (उठावाचा जाड थर द्यायला), ब्रेयर (हाताने फिरवायचा छोटा रोलर), डेली पेपर (खाऊ गुंडाळायचा पातळ कागद), आणि शेवटी कोलाजसाठी ‘घरातले जुने कागद’.

हे शेवटचं माझ्याकडे भरपूर आहे. आई विड्या वळायची. तिचं सूप, पान कापायचा पत्र्याचा साचा, दोऱ्याची रिळं, बंडलावर लावायची लेबलं, तिचं कामाचं कार्ड, सगळं जपून ठेवलंय. कोर्समध्ये जे काही करीन ते याच वस्तूंवर करायचं, हे मनाशी पक्कं आहे.

शाळेत ड्रॉइंगच्या लोअर आणि हायर दोन्ही परीक्षा दिल्यात, पण तेव्हा वॉटर कलर आणि पोस्टर कलर. अक्रिलिक वापरलाय तो फक्त कापडावर, १५ मिलीच्या छोट्या बाटल्यांतला. गावातल्या दुकानात तोच मिळतो. बाकीच्यासाठी बेळगावपेक्षा कोल्हापूर मला जवळ पडतं.

विचारायचं असं की खरंच विकत काय घ्यावं लागेल आणि कशाला पर्याय चालेल? जेलऐवजी फेविकॉल चालेल का? विडीचं पान चित्रावर टिकेल का? आणि लेबलांचं काय करू? एक ओलं करून बघितलं तर लाल शाई बोटाला लागली.

टिळकवाडी_ड्रॉइंगसर

ताई, यादी बघून घाबरू नका. तीन गोष्टींवर पैसे खर्च करा: पांढरा रंग, मीडियम, आणि ज्यावर चित्र काढणार तो कागद किंवा फळी. या तिन्हींत काटकसर केली तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

रंग नावाने मागू नका, ट्यूबवरचा पिगमेंटचा म्हणजे मूळ रंगद्रव्याचा कोड बघा. नावं कंपनीगणिक बदलतात, कोड बदलत नाही. थॅलो ब्लू म्हणजे पीबी १५, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा म्हणजे पीआर १२२, टायटेनियम व्हाइट पीडब्ल्यू ६. देशी कंपनीच्या आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूबमध्ये हे कोड सापडले की आयात रंगाची गरज नाही. पांढरा मोठा घ्या, १२० मिलीचा तरी, बाकीचे ४० चे पुरतील. टायटन बफ घेऊच नका. पांढऱ्यात थोडा यलो ऑकर आणि कणभर रॉ अंबर घातला की काम भागतं. तुमच्या कापडाच्या बाटल्याही अक्रिलिकच आहेत, खालच्या थरांना वापरा. रंग श्रीखंडासारखा घट्ट हवा असेल तेव्हा त्यात जेल मिसळा.

आता फेविकॉल. सरावाच्या वहीत चालेल. पण वाळलेला फेविकॉल पाण्याने परत मऊ पडतो, आणि मिक्स्ड मीडियात आपण थरावर थर ओल्या हातानेच चढवतो. अक्रिलिक मीडियम एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही. रंग ज्यात घोटलेला असतो तेच हे द्रव्य, फक्त रंगाशिवाय. म्हणून जेल आणि मॅट मीडियम खरंच घ्या. मॉडेलिंग पेस्ट मात्र घरी होते: मूर्तिकार वापरतात ती व्हायटिंग पावडर चाळून जेलमध्ये कालवायची. पावडर जास्त झाली तर वाळताना तडे जातात, आणि कागदावर तर कागद वाकला की पापुद्रा सुटतो. तो थर फळीवरच द्या.

फळी म्हणजे सुताराकडचे प्लायचे किंवा हार्डबोर्डचे तुकडे. जेसो दोन्ही बाजूंना लावा, नाहीतर फळी वाकते. पहिला हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा, मग बारीक पॉलिश पेपर. कागदावर करायचं तर ३०० जीएसएमच्या (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) खाली जाऊ नका.

ब्रेयरऐवजी जुनं एटीएम कार्ड. कागदाखालची हवा त्याने छान निघते. डेली पेपरऐवजी पांढरा पतंगी कागद. मीडियम लागलं की तो जवळजवळ पारदर्शक होतो. वर्तमानपत्र वापरलंत तर ते पिवळं पडणार हे धरून चाला.

आईच्या मूळ कागदांना माझ्या मते हात लावू नका. लेझर प्रिंट काढा. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते, लेझरची आणि झेरॉक्सची पसरत नाही.

वडगाव_मागावरची

सरांचं बाकी सगळं पटलं, शेवटचं नाही पटलं. अक्का, कपाटात ठेवलेला कागद आमच्याकडच्या पावसात कसर खाते. आमच्या घरी सासऱ्यांचे मागाच्या हिशोबाचे कागद असेच गेले, एकही कामाला आला नाही. चित्रात मीडियमच्या दोन थरांमध्ये बंद झालेलं लेबल पेटीतल्या लेबलापेक्षा जास्त टिकेल. सारखी लेबलं बरीच असतील तर खुशाल वापरा. शाई उतरते ना, मग ब्रश लावण्याआधी स्प्रे व्हार्निशचे हलके हलके हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, आणि मग मॅट मीडियम. आधी एका लेबलावर करून बघा.

दोरा पण टाकून देऊ नका. जेलमध्ये बुडवून जेसोवर बसवला की वरून रंग फिरवताना रेघ उठून दिसते. मी साडीच्या कडांचे तुकडे असेच वापरते.

खानापूर_लालमाती

पानांचं सांगतो. कोरडं पान दाबलं की चुरा होणार. विड्या वळताना पानं ओली करून कापडात गुंडाळून ठेवतात, तसंच करा. मऊ झाली की जड पुस्तकाखाली कागदात दाबून पूर्ण सुकवा. पूर्ण म्हणजे पूर्ण, ओल राहिली तर जेलखाली बुरशी येते. मग दोन्ही बाजूंनी जेल लावून बसवा.

आणि रंग विकत घेताय तर एक फुकटचाही सांगतो. आमच्या भागातली तांबडी माती पाण्यात ढवळायची, खडे खाली बसले की वरचं गढूळ पाणी ओतून घ्यायचं, ते निवळू द्यायचं. खाली बसलेला गाळ वाळवून कुटायचा, मलमलमधून गाळायचा आणि मॅट मीडियममध्ये घोटायचा. हा रंग लोहाचा आहे, उन्हाने उडत नाही. हळद मात्र वापरू नका, कितीही सुंदर दिसली तरी. उजेडात ती फिकी पडतेच.

निपाणी_रंगपेटी

सर, अक्का, दादा, फार मोठी मदत झाली. असं ठरवलंय: कार्ड एकच आहे, त्याची लेझर प्रिंट. लेबलांची थप्पी आहे, ती खरी वापरणार. पानं गल्लीतल्या मावशींकडून नवीन घेणार. साचा चिकटवायचा नाही, तोच माझी स्टेन्सिल. शनिवारी कोल्हापूरला जाऊन पांढरा, मॅजेंटा, निळा, एक पिवळा, जेसो, जेल आणि मॅट मीडियम आणते. कार्डावरची अक्षरं प्रिंटवरून थेट फळीवर उतरवता येतात असं कोर्सच्या माहितीत दिसलं. ते इथे जमेल का?

टिळकवाडी_ड्रॉइंगसर

जमेल. प्रिंट लेझरचीच, आणि दुकानदाराला मिरर करून (आरशात दिसते तशी उलटी) द्यायला सांगा, कारण अक्षरं उलटी उतरतात. फळीवर जेलचा सारखा थर, त्यावर प्रिंट पालथी, एटीएम कार्डाने दाबून हवा काढायची, रात्रभर सोडायची. सकाळी ओल्या बोटाने कागद हलके चोळून काढला की शाई जेलमध्ये राहते. घाईने चोळलं तर अक्षरं निघतील.

तुमच्या शनिवारच्या यादीत बेकिंगचा सिलिकॉन कागद घाला. वाळलेली अक्रिलिक चित्रं एकावर एक ठेवली की दमट हवेत एकमेकांना चिकटतात. मध्ये हा कागद ठेवायचा.