घोडशीर दुखतेय, यवतेश्वरचा घाट पळणं थांबवू का?

घाटवाट_सातारा
नमस्कार. वय 46, साताऱ्यात शाळेत शिकवते. पळायची सवय जुनी, पण सपाटीवरची. यंदा हिल हाफ मॅरेथॉन पळायचीच म्हणून उन्हाळी सुट्टीत यवतेश्वरचा घाट धरला. बूटही तेव्हाच बदलले, आताच्यांची टाच बरीच पातळ आहे. आता उजव्या टाचेच्या तीन बोटं वर शीर जाडसर लागते, चिमटीत धरली की कळ येते. सकाळी पलंगावरून उतरलं की काही पावलं लंगडत, मग मोकळं होतं. पळताना सुरुवातीला दुखतं, अंग तापलं की थांबतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त.

नवरा म्हणतो, इंजेक्शन घेऊन मोकळी हो. सासूबाई रोज रात्री तेल लावून रगडतात. मैत्रीण म्हणते, पळणं कायमचं सोड. मला सोडायचं नाहीये. पण ही शीर तुटणार तर नाही ना, याची भीती वाटते.

फिजिओ_मिरज
ताई, आधी धीर धरा. अशी दुखरी शीर बहुतेकांची तुटत नाही. कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय: चढ आणि पातळ टाच, दोन्ही एकदम. चढावर टाच बोटांपेक्षा खाली राहते, म्हणजे शीर आधीच ताणलेली असताना भार घेते, आणि पळताना तो भार शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट असतो. पोटरीचा स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या या शिरेला, महिने लागतात. त्याला रक्तपुरवठाच कमी, त्यातही टाचेच्या हाडापासून 2 ते 6 सेंटिमीटर वरचा भाग सगळ्यात कोरडा. तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे.

आत नुसती सूज नसते, शीर ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाची बनते त्याचे धागे विस्कटलेले असतात. म्हणून गोळ्यांनी दुखणं झाकतं, शीर सुधारत नाही. स्टेरॉईडचं इंजेक्शन या शिरेत घेऊच नका, त्याने ती तुटायचा धोका वाढतो. सासूबाईंना सांगा, पोटरीवर हात फिरवा, दुखऱ्या जागी रगडू नका. मैत्रिणीचा सल्लाही मला पटत नाही. भार पूर्ण काढला की टेंडन आणखी दुबळं होतं.

त्याला हवा मोजका भार. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेला व्यायाम अजून चालतो. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि फक्त दुखऱ्या पायाने सावकाश खाली. गुडघा सरळ ठेवून 15 चे तीन संच, वाकवून तीन. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. सुरुवात मात्र प्रत्यक्ष कोणाला तरी दाखवूनच करा. यंदाची सप्टेंबरमधली मॅरेथॉन सोडा, हे मनापासून सांगतोय.

कोथरूडकर_लेक
ताई, एक विचारते. मधे कुठली अँटिबायोटिक घेतली होती का?
माझे बाबा 71 वर्षांचे. दम्यासाठी स्टेरॉईडच्या गोळ्या चालू होत्या, त्यात छातीत इन्फेक्शन झालं म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. पोटरीखाली दुखतंय म्हणत होते, आम्हाला वाटलं वयामुळे. बसमधून उतरताना फट्कन आवाज झाला. कोणीतरी मागून लाथ मारली असं वाटून ते वळले, मागे कोणीच नव्हतं. एका दवाखान्यात मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटऱ्या दाबल्या. चांगल्या पायाचं पाऊल हललं, दुसऱ्याचं अजिबात नाही. अख्खी शीर तुटली होती. म्हणून जिथे टाचेचा विषय निघतो तिथे मी हे विचारतेच.

घाटवाट_सातारा
अंगावर काटा आला. बाबा आता कसे आहेत?
फाईल काढून बघितली. मे महिन्यात लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, ऑफ्लॉक्सासिन लिहिलंय. आणि खरं सांगायचं तर थोडं डाव्या टाचेलाही जाणवतं, पण उजवीपुढे ते लिहावंसं वाटलं नाही. पायरीचा व्यायाम अजून सुरू केलेला नाही.

कोथरूडकर_लेक
ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालतात. बागेपर्यंत जाऊन येतात.

फिजिओ_मिरज
लेकीने विचारलं ते फार बरं केलं. ताई, पायरीचा व्यायाम आता सुरू करू नका, पळणंही बंद. सिप्रो, लिव्हो, ऑफ्लो, मॉक्सी, शेवटी 'फ्लॉक्सासिन' असलेली ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. टेंडन तुटण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2008 मध्ये यांच्यावर सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. दुखणं पहिल्या दोन दिवसांतही येतं आणि गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही. साठीपुढचे, स्टेरॉईड घेणारे, मूत्रपिंड बदललेले, यांना धोका जास्त. तुम्ही यात बसत नाही, आणि घाट व बूट ही कारणंही खरीच आहेत. पण दोन्ही टाचा दुखताहेत, म्हणून औषधाकडे काणाडोळा नको.

ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्या डॉक्टरांना उद्याच सांगा आणि फाईलवर ठळक लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दुसरं औषध देतील. तोवर सपाटीवर चाला, बुटात टाचेखाली जाड चकती घाला, उड्या नकोत. अचानक कळ आली, आवाज झाला किंवा चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा. सोनोग्राफी दोन्ही पायांची करा. रिपोर्टमध्ये शिरेची जाडी मिलिमीटरमध्ये असते, ती इथे टाका, मग व्यायाम कुठून सुरू करायचा ते बघू.