टिल्लूची गादी सरकली आहे: पिंजरा की ऑपरेशन?

गोधडी:
आमचा टिल्लू, डाशहुंड जातीचा कुत्रा, वय साडेपाच. परवा सोफ्यावर उडी मारायला गेला आणि कुईं करून तिथेच थिजला. तेव्हापासून पाठीला बाक, पोट दगडासारखं कडक, उचललं की ओरडतो. मला पोटदुखीच वाटली होती. डॉक्टर म्हणाले मणक्यातली गादी सरकली असणार. एक्स-रेत मात्र काही दिसलं नाही. गोळ्या आणि चार आठवडे पिंजऱ्यात विश्रांती सांगितली आहे. चालतोय, पण मागून झोकांड्या जातात. सासूबाई म्हणतात तेल लावून पाठ चोळ. चोळू का? आणि ऑपरेशनचं कधी बघायचं?

निवांत_१:
चोळू नका!! बाकीचं जाणकार सांगतीलच.

काठीवाला:
आमच्या बीगलचं हे दोनदा झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक्स-रेत हाडं दिसतात, गादी दिसत नाही. फार तर चुना साठून कडक झालेली असेल तर दिसते. मज्जारज्जूवर किती दाब आलाय ते एमआरआयमध्ये कळतं. पण नुसतं दुखत असेल आणि कुत्रा स्वतःच्या पायांवर चालत असेल, तर बहुतेक डॉक्टर आधी विश्रांती आणि औषधंच देतात.

तुम्ही बघायचं ते पाय. नुसती वेदना ही पहिली पायरी. झोकांड्या जातात पण चालतो, ही दुसरी. टिल्लू इथे आहे. तिसऱ्या पायरीवर पाय हलतात पण उभं राहता येत नाही, चौथ्यावर पाय हलतच नाहीत. पाचवीत बोटाचं हाड चिमट्याने जोरात दाबलं तरी कुत्र्याला कळत नाही. पाय नुसता आखडला तर ती जाणीव धरायची नाही, त्याने वळून बघितलं किंवा ओरडला तरच धरायची. ती शाबूत असताना ऑपरेशन झालं तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती गेली की शक्यता निम्म्यावर येते. म्हणून टिल्लू उभा राहीनासा झाला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा. "सकाळपर्यंत बघू" हे आम्ही एकदा केलंय. पुन्हा करणार नाही.

रानजाई:
पिंजऱ्याबद्दल मी सांगते. आत उभं राहता यावं, वळता यावं, आडवं होता यावं, बस. उड्या मारण्याइतकी जागा नको. शी-शूला उचलून न्या, पट्टा हार्नेसला लावा. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या बाजूला, पाठ आडवी.

खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी असते. गोळ्यांनी दुखणं कमी होतं, साहेब शेपूट हलवत दार खरवडतात, आणि आपल्याला दया येते. बरा झालेला नसतो, दुखायचं थांबलेलं असतं. गादीचं बाहेरचं वेष्टण भरून यायला आठवडे लागतात.

आणि शू होतेय ना, हे रोज बघा. मूत्राशय तुंबलं तर डॉक्टरांकडून ते दाबून रिकामं करायला शिकून घ्यावं लागतं.

काठीवाला:
रानजाई, +१. एक राहिलं: सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आणि स्टिरॉइड एकत्र नकोत, पोटात अल्सर होतात. आमच्याकडे दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता दोन्ही दिलं आणि काळी शी झाल्यावर आम्हाला कळलं. घरातली माणसांची आयब्युप्रोफेन तर मुळीच नाही.

गोधडी:
सगळ्यांचे आभार. सोफ्यावर चढू दिला हे माझंच चुकलं का?

रानजाई:
सोफ्याला शिव्या घालू नका हो. या जातींमध्ये गादीच्या आतला जेलीसारखा भाग वयाच्या पहिल्या वर्षापासूनच सुकून कडक व्हायला लागतो. २०१७ मध्ये १२व्या गुणसूत्रावर एका जनुकाची जादा प्रत सापडली. तिच्यामुळे पाय आखूड होतात आणि गाद्याही लवकर खराब होतात, म्हणजे दोन्ही एकाच पाकिटातून येतं. उडी फक्त निमित्त. तरी पुढे सोफ्याला उतरती फळी लावा आणि वजन वाढू देऊ नका.

निवांत_१:
रोज मागचा पंजा उलटा टेकवून बघा, किती पटकन सरळ करतो ते. मागून आधार देऊन, हळू.

गोधडी:
आत्ताच केलं. उजवा लगेच सरळ केला, डावा जरा वेळाने. व्हिडिओ डॉक्टरांना पाठवलाय. उद्या सकाळी दाखवायला बोलावलंय, आणि पाय गळाले तर रात्रीच फोन करा म्हणालेत. टिल्लू जाळीला नाक लावून माझ्याकडे असा बघतोय, जणू गादी मीच सरकवली.