चालू डेंटल क्लिनिक विकत घ्यायचंय, मदत हवी आहे
नमस्कार, एक सीनियर डॉक्टर रिटायर होतायत, त्यांचं चालू क्लिनिक घ्यायचं जवळपास ठरलंय पण सांगितलेल्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा गुडविलचा, म्हणजे क्लिनिकचं नाव आणि जमलेले पेशंट यांच्या किमतीचा आहे आणि तिथेच गाडी अडलीय. कपाट फाइल्सनी खच्चून भरलंय, मी सहज वीसेक काढून बघितल्या तर निम्म्यांवर शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची, मग मी गेल्या 24 महिन्यांत आलेलेच पेशंट मोजायचं ठरवलंय, बरोबर आहे ना? बिलं किती झाली यापेक्षा हातात किती आले ते कळावं म्हणून 3 वर्षांची बँक स्टेटमेंट्स मागितलीत. खुर्च्या ठीक आहेत, पण ऑटोक्लेव्हचं (उपकरणं निर्जंतुक करायच्या मशीनचं) गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर सील, चिरलंय आणि हवेच्या कॉम्प्रेसरचा पाणी काढायचा कॉक उघडला तर गंजाळ पाणी आलं, ते किमतीतून वजा करायला सांगू का? मुख्य म्हणजे त्यांनी केलेली रूट कॅनल किंवा कॅप नंतर बिघडली तर पेशंट माझ्याच दारात येणार, तो खर्च कोणाचा हे करारात कसं लिहिलंत? जागा भाड्याची आहे, मालकाची संमती आधी लेखी घेणारच. डॉक्टर सहा महिने सोबत बसायला तयार आहेत, तेवढे पुरतात का? पेशंट त्यांच्या नावावर येतात हो, याचीच खरी धाकधूक आहे. ज्यांनी असं क्लिनिक घेतलंय त्यांनी प्लीज अनुभव सांगा.