सायकल खोलून पुन्हा जोडली, एक कापलेली रिंग उरली. ही नेमकी कुठली?

मदत हवी आहे.

मुलीची सायकल पूर्ण खोलून साफ केली, ग्रीस भरलं आणि पुन्हा जोडली. चाकं, क्रँक, पुढचं चाक धरणारा चिमटा, हँडल, सगळंच उतरवलं होतं. आता नटबोल्ट जागच्या जागी आहेत, गिअर नीट पडताहेत, ब्रेक लागताहेत. पण ज्या डब्यात सुटे भाग रॉकेलमध्ये भिजत घातले होते त्याच्या तळाशी एक रिंग सापडली, आणि ती कुठली हे काही केल्या कळत नाहीये.

रिंग काळी आहे आणि हातात घेतली तर अगदी हलकी. लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे ॲल्युमिनियम असावं. एका जागी आरपार कापलेली आहे. तुटलेली नव्हे; दोन्ही टोकं गुळगुळीत आहेत आणि मध्ये नख जाईल एवढी फट आहे. चिमटीत दाबली की फट मिटते, सोडली की उघडते. आतली बाजू सरळ उभी, बाहेरची तिरकी. त्यामुळे एक कड जाड आणि दुसरी जवळजवळ धारेसारखी पातळ. तिरक्या बाजूवर रंग उडून चकचकीत पट्टा पडलाय, तो पूर्ण गोल फिरलेला आहे. आतून तसं काही नाही, जुन्या ग्रीसचा तपकिरी थर तेवढा आहे. आतला व्यास कॅलिपरने साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास येतो.

सायकल सरळ हँडलची, पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, मागे कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा).

अजून एक. जोडल्यापासून पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलली की हँडलखालून 'टक' असं येतं. वरच्या टोपीचा बोल्ट आवळला तर हँडल जड फिरायला लागतं, पण टक काही जात नाही. याचा रिंगशी संबंध आहे का माहीत नाही. मुलगी रोज याच सायकलवर जाते. रिंगची जागा सापडेपर्यंत तिला सायकल देणार नाही.

प्रतिसाद १

कॅसेटच्या मागचा स्पेसर असेल. काही चाकांवर कॅसेट बसवताना मागे एक पातळ रिंग घालावी लागते, आणि कॅसेट काढली की ती हमखास बाजूला पडते. कॅसेट हाताने हलवून बघा, खुळखुळते का?

प्रश्नकर्ता

बघितलं, कॅसेट घट्ट आहे. आणि स्पेसर दोन्ही बाजूंनी सपाट असतो ना? ही तिरकी आहे. शिवाय फ्रीहबवर, म्हणजे कॅसेट ज्यावर चढते त्या भागावर, घालून पाहिली, तिथे ती चढतच नाही, फारच लहान पडते.

प्रतिसाद २

हँडलखालून आवाज येतोय म्हणताय, तर चिमट्याच्या लॉकनटखालचा वॉशर असू शकतो. त्याला आतून एक जीभ असते, ती चिमट्याच्या वर जाणाऱ्या दांडीच्या खोबणीत बसते. लॉकनट आवळताना खालचा कप सोबत फिरू नये म्हणून तो वॉशर असतो. तुमच्या रिंगला आतून जीभ आहे का?

प्रश्नकर्ता

जीभ नाही, आतून पूर्ण गुळगुळीत. आणि चिमट्याच्या दांडीला वर आटेही नाहीत. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) दांडीभोवती बाजूच्या दोन बोल्टांनी आवळला जातो.

प्रतिसाद ३

आटे नाहीत म्हणालात तिथेच उत्तर आहे. ही हेडसेटची, म्हणजे हँडल ज्यांवर फिरतं त्या वरच्या-खालच्या बेअरिंगांच्या संचाची, कॉम्प्रेशन रिंग आहे. वरच्या बेअरिंगवर बसते, आणि तिच्याशिवाय ही सायकल चालवायची नाही हा तुमचा निर्णय अगदी बरोबर आहे.

तुम्ही दिलेल्या खुणा लावून बघा. बिनआट्यांच्या दांडीचं सर्वांत प्रचलित माप सव्वा इंचाहून थोडं कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, मिलिमीटरमध्ये २८.६. तुमचा व्यास तोच आहे. तिरक्या बाजूवरचा चकचकीत पट्टा म्हणजे बेअरिंगच्या आतल्या कडेला टेकून झालेली झीज. त्या कडेलाही असाच उतार असतो. आतली सरळ बाजू दांडीला चिकटून असते, तिथे घासण्यासारखं काही नाही, म्हणून नुसतं ग्रीस साचलं. अनोळखी भाग हातात आला की तो कुठे घासलाय आणि कुठे नाही हे आधी बघावं. आकारावरून माणूस फसतो, झिजेवरून सहसा नाही.

आता टक का येतं ते. बेअरिंगचं आतलं भोक दांडीपेक्षा किंचित मोठं असतं. ही रिंग त्या फटीत पाचर म्हणून बसते. टोपीचा बोल्ट आवळला की स्टेम, स्पेसर (स्टेमजवळच्या सपाट रिंगा) आणि कव्हर (बेअरिंगवरचं झाकण) हे सगळे मिळून रिंगला खाली दाबतात, ती उतारावरून खाली सरकते, कापलेली फट मिटते आणि दांडी बरोबर मधोमध आवळली जाते. रिंग नसेल तर दांडी बेअरिंगच्या आत मोकळी हलते. आवळत गेलात तर कव्हर त्याच्या लगेच खालच्या कपावर (बेअरिंग बसतं त्या वाटीवर) घासतं, म्हणून हँडल जड होतं. खेळ, म्हणजे सैलपणा, मात्र तसाच राहतो. तुम्ही लिहिलंय नेमकं तेच.

ही रिंग मागे राहण्याचं कारणही साधं आहे. ती जुन्या ग्रीसने कव्हरला आतून चिकटलेली असते. कव्हर काढताना दिसत नाही, रॉकेलमध्ये ग्रीस सुटलं की गळून पडते.

बसवायची अशी: सायकल उभी ठेवून पुढचं चाक जमिनीवर टेकलेलं राहू द्या, नाहीतर स्टेम काढल्यावर चिमटा खाली घसरतो आणि खालचं बेअरिंगही जागेवरून हलतं. आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करा, मग टोपी काढा, स्टेम, स्पेसर आणि कव्हर वर उचला. रिंगला ग्रीसचा पातळ हात लावून पातळ कड खाली ठेवून दांडीवरून सोडा. दोन अंगठ्यांनी दाबलं की ती बेअरिंगच्या उतारात बसल्याचं जाणवतं. उलटी घातलीत तर जाड कड वरच अडकेल, लगेच कळेल. मग कव्हर, स्पेसर, स्टेम.

इथे एक गोष्ट जरूर बघा: स्टेमची (किंवा वर स्पेसर असेल तर त्याची) वरची कड दांडीच्या टोकापेक्षा दोनतीन मिलिमीटर वर हवी. दांडी वर आलेली असेल तर टोपी दांडीवरच टेकते आणि खाली काहीच दाबलं जात नाही.

टोपीचा बोल्ट थोडाथोडा आवळा. खेळ गेला की थांबा, तो ताकद लावायचा बोल्ट नाही. मग हँडल चाकाशी सरळ रेषेत आणून स्टेमचे बोल्ट आलटून पालटून आवळा, स्टेमवर कोरलेल्या आकड्याइतकेच. हँडल धरून ठेवायचं काम तेच करतात.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार! रिंग बसली. कव्हर उचललं तेव्हा आत ग्रीसचा अगदी याच रुंदीचा गोल ठसा दिसला, शंकाच उरली नाही.

आता हँडल हलकं फिरतं. पण ब्रेक दाबून ढकलली की फार बारीक हालचाल अजून जाणवते. आधीच्या टकपेक्षा खूपच कमी. ती कुठून येत असेल?

प्रतिसाद ३

डिस्क ब्रेकचे पॅड ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) किंचित हलतात, आणि सस्पेन्शनच्या नळ्यांतही थोडा खेळ असतो. हेडसेट वेगळा करून तपासायचा तर हँडल काटकोनात वळवा, ब्रेक दाबा आणि सायकल पुढेमागे हलवा. दुसऱ्या हाताची बोटं कव्हर आणि फ्रेम यांच्या सांध्यावर ठेवा. तिथे बोटांना काही लागलं नाही, तर हेडसेट ठीक.

बेअरिंगही बघून घ्या. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच खडबडीत लागलं किंवा एका जागी अडकल्यासारखं झालं, तर बेअरिंग बदला. नवीन घेताना जुन्याच्या कडेवर कोरलेले आकडे वाचा, ३६ आणि ४५ असे असतात किंवा दोन्ही ४५. ते उताराचे अंश आहेत, आणि रिंगचा उतार बेअरिंगच्या आतल्या उताराशी जुळायला हवा.

प्रश्नकर्ता

काटकोनात वळवून पाहिलं, सांध्यावर बोटांना काहीच लागत नाही. हालचाल ब्रेकच्या पॅडचीच आहे. हँडलही एकसारखं फिरतंय, कुठे अडकत नाही. स्टेमचे बोल्ट आकड्याप्रमाणे आवळले. आज संध्याकाळी आधी मी स्वतः चालवून बघतो, उद्या सकाळी सायकल तिच्या ताब्यात.