कंपनीत नोकरी धरल्यावर वकिलीच्या सनदेचे काय करावे?

गोदाकाठ:
सप्रेम नमस्कार. नाशिकला दिवाणी बाजूला काही वर्षे वकिली केल्यानंतर पुण्यातील एका कंपनीच्या विधी विभागात पूर्णवेळ नोकरी मिळाली असून लवकरच रुजू व्हायचे आहे. पुढेमागे कोर्टात परतावेसे वाटले किंवा न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसायचे ठरले, तर सनद हाताशी असावी अशी इच्छा आहे. बारमधील काही ज्येष्ठ म्हणतात, सनद तशीच राहू द्यावी, कोणी विचारायला येत नाही. नियमानुसार काय करणे योग्य ठरेल?

दिवाणी_बाजू:
कोणी विचारत नाही हे खरे असले तरी त्या भरवशावर राहू नये, कारण विचारणा होते ती नेमकी आपल्याला गरज पडते तेव्हाच. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांतील नियम ४९ स्पष्ट आहे: वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, आणि तशी नोकरी स्वीकारल्यास ज्या राज्य बार कौन्सिलच्या पटावर नाव आहे तिला कळवून नोकरी असेपर्यंत वकिली थांबवावी लागते. आपल्या बाबतीत ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. न कळवता वकिली चालू ठेवल्यास वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार होऊ शकते. सनद जपायची असेल तर ती वेळेवर स्थगित करून घेणे हाच सरळ मार्ग आहे. अर्जासोबत मूळ सनद नोंदणीकृत टपालाने पाठवावी लागते. म्हणून आधी तिच्या प्रमाणित प्रती काढाव्यात आणि टपालाची पावती व पोच जपून ठेवावी. परत येताना पुन्हा नव्याने नावनोंदणी करावी लागत नाही. वकिली पुन्हा सुरू करण्याचा अर्ज आणि स्थगितीच्या काळात वकील अधिनियमाच्या कलम २४अ मधील (नावनोंदणीस अडथळा ठरणारी) कोणतीही अपात्रता ओढवली आहे का, हे सांगणारे प्रतिज्ञापत्र दिले की नावनोंदणी समिती निर्णय घेते. घराच्या पाटीवरचे ‘ॲड.’ मात्र तोवर उतरवलेले बरे.

चौथा_मजला:
एक पर्याय नोंदवतो. कंपनी तयार असेल तर नोकरीऐवजी ठरावीक मासिक शुल्कावर सल्लागार म्हणून काम करता येते आणि सनद चालू राहते. परंतु हजेरी, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी हे सारे कर्मचाऱ्याप्रमाणेच असेल, तर करारावर नाव काहीही लिहिले तरी ती नोकरीच ठरण्याचा संभव आहे. विधी महाविद्यालयात शिकवणे मात्र वेगळे: दिवसाला तीन तासांपर्यंत अध्यापन वकिली सांभाळून चालते.

दिवाणी_बाजू:
परीक्षेचा मुद्दा राहिला होता. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा लागू केली आहे. थेट जिल्हा न्यायाधीश होऊ पाहणाऱ्या वकिलाला राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३(२) नुसार किमान सात वर्षांची वकिली लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार ती अर्जाच्या वेळीही चालू असावी लागते. कंपनीत टेबलावर बसून करार तपासण्यात गेलेली वर्षे यात धरली जाणार नाहीत. जिल्हा न्यायाधीशपदाचे मनात असेल, तर नोकरीचा हिशेब आधी मांडावा.

गोदाकाठ:
आभारी आहे. सल्लागाराचा पर्याय कंपनीला मान्य नाही, त्यामुळे स्थगितीचाच अर्ज करतो. हातात असलेल्या दाव्यांचे काय?

दिवाणी_बाजू:
वकालतपत्र, म्हणजे पक्षकाराने वकिलाला दिलेले अधिकारपत्र, आपोआप संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने, पक्षकाराच्या किंवा आपल्या सहीच्या लेखी अर्जाद्वारे ते संपवावे लागते. म्हणून आधी प्रत्येक पक्षकाराला लेखी कळवावे, कागदपत्रे परत करून पोच घ्यावी, आणि शक्यतो नवीन वकिलाचे वकालतपत्र त्याच तारखेला दाखल होईल असे पाहावे. स्थगितीचा अर्ज त्यानंतर, परंतु रुजू होण्यापूर्वी पाठवावा.