मदत हवी आहे: हौद पाचव्या दिवशीच रिकामा, कोण किती पाणी वापरतं ते मोजायचं कसं?

मांजराकाठ (लातूर):
आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी सुटतं. हौद काठोकाठ भरून घेतो, तरी पाचव्या दिवशी तळ दिसतो. मागच्या वर्षी हेच पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरायचं. वर भाडेकरू आहेत, त्यांनी नवीन वॉशिंग मशीन घेतलंय. घरात रोज त्यावरून कटकट. त्यांच्या लाईनला मीटर बसवायचाय. कोणता घ्यावा, कुठं बसवावा? लवकर सांगा, परत टँकर मागवायची वेळ आलीय.

मिस्तरी_परभणी:
हौद केवढा? माणसं किती? कूलर चालू हाय का? हे कळल्याबिगर काय सांगावं भाऊ?

मांजराकाठ:
हौद सगळ्यांचा असतो तसाच आहे. मीटरचं सांगा ना.

देगलूरकर:
अर्धा इंची मल्टिजेट मीटर घ्या. काळे आकडे घनमीटर, लाल आकडे एका घनमीटरपेक्षा कमी भागाचे. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. आडवाच बसवा, बाण पाण्याच्या दिशेनं. दर एक तारखेला फोटो काढून भाडेकरूला पाठवायचा. आमच्या बिल्डिंगमध्ये यानंच भांडणं मिटली.

मिस्तरी_परभणी:
गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब कमी. बारीक गळती मीटर धरतच नाही, आतलं चाक हलायला ठरावीक धार लागती. अन् नळाच्या लाईनला बसवला तर पाण्याच्या आधी हवा येती, हवेनं बी आकडे पळतेत.

देगलूरकर:
हवेसाठी एअर व्हॉल्व्ह मिळतो. एवढं काही अवघड नाही.

मिस्तरी_परभणी:
मिळतो, पण आधी पाणी जातंय कुठं ते तर बघा. मीटर नंतर.

सौ_अंबाजोगाई:
दादा, माझं ऐका. घरातली बादली किती लिटरची ते एकदा लिटरच्या बाटलीनं भरून बघा. आमची ‘वीसची’ बादली सोळाचीच निघाली. मग आंघोळ, धुणं, भांडी, फरशी असं दोन दिवस वहीत मांडा. जुना फ्लश एका वेळी दहा लिटर ओततो. आरओ फिल्टर असेल तर त्याच्या बाहेर पडणाऱ्या नळीखाली बादली ठेवा, एक लिटर प्यायच्या पाण्यामागं तीनेक लिटर बाहेर जातं. मी ते पाणी फरशीला आणि संडासला वापरते. फ्लशच्या टाकीत चिमूटभर हळद टाका आणि अर्धा तास कुणाला वापरू देऊ नका. भांड्यात पिवळं उतरलं की समजा, गळतंय.

गोदाकाठ_नांदेड:
शहरात माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप आहे, जलजीवन मिशनमध्ये खेड्याला ५५ लिटर. त्यावर तुम्ही कुठं बसता ते बघा. माणसं किती ते अजून कळलं नाही.

बालाघाट:
या सगळ्यापेक्षा छतावरचं पाणी बोअरमध्ये सोडा. पाईप, जाळी, वाळू-खडीचा फिल्टर, बास. दोन पावसाळ्यांत फरक दिसतो.

मांजराकाठ:
बोअर नाहीच आहे आमच्याकडं. घरचे पाच, वरचे चार. कूलर अजून बाहेर काढला नाही, बंदच आहे.

जुना_लातूरकर:
२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, विसरलात का? ‘जलदूत’ म्हणायचे त्या गाडीला. तेव्हा आम्ही आंघोळीचं पाणी परातीत धरून झाडांना घालायचो. तेव्हा एवढ्या पाण्यात भागवत होतो.

गोदाकाठ_नांदेड:
काका, ते खरं आहे, पण त्यांना आत्ताचं पाणी कमी का पडतंय ते हवंय.

मिस्तरी_परभणी:
हौदाची आतली लांबी-रुंदी-उंची फुटात मोजा. तिन्हींचा गुणाकार करून २८.३ नं गुणा, लिटर येतेत.

मांजराकाठ:
८ × ६ × ५. म्हणजे ६,८०० च्या आसपास.

मिस्तरी_परभणी:
मग एक इंच पाणी म्हणजे ११३ लिटर. हाच तुमचा मीटर. रात्री मोटार बंद करा, हौदात काठी उभी करून पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी मोटार लावायच्या आधी परत बघा. अन् नळाचं पाणी हौदात येतंय कसं?

मांजराकाठ:
कसं म्हणजे? नळ खड्ड्यात आहे, त्याला पाईप लावून हौदात सोडलाय. सगळ्यांचं तसंच असतं.

मिस्तरी_परभणी:
पाणी गेल्यावर पाईप काढता का? नळाची चावी बंद व्हती का?

मांजराकाठ:
पाईप कायम तिथंच असतो, तळाला टेकलेला. चावीचे आटे गेलेत, नुसती फिरते. पण मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाईपाच्या तळाची झडप) पण जुना आहे, त्यातून जात असेल का?

देगलूरकर:
फूटव्हॉल्व्ह गळाला तर पाणी परत हौदातच पडतं. ते वाया जात नाही.

मिस्तरी_परभणी:
बरोबर. पाईपच बघा. लाईन रिकामी झाली की हौदातलं पाणी त्याच पाईपानं उलटं लाईनीत जातंय. नळ हौदाच्या पाण्याच्या खाली हाय, पाईपाचं तोंड पाण्यात बुडलेलं हाय, दुसरं काय व्हणार? अन् तुमच्या हौदातलं पाणी गल्लीच्या लाईनीत मिसळतंय, शेजारी तेच पितेत.

मांजराकाठ:
काल रात्री पाईप तसाच ठेवून खूण केली, मोटार बंद. सकाळी दोन इंच खाली. २२५ लिटर, एका रात्रीत, कुणी नळ न सोडता! आज रात्री पाईप वर ओढून बघतो.

सौ_अंबाजोगाई:
आणि फ्लशचं? हळद?

मांजराकाठ:
ताई, हळद टाकली होती, दोन्हीकडं काही उतरलं नाही. पाईप वर काढून ठेवला तर आज पाणी खुणेवरच आहे, जरासुद्धा हललं नाही. दिवसभराचा खर्चही काठीवर बघितला. वरचे-खालचे मिळून साताठशे लिटर. म्हणजे हौद आठ दिवस पुरायला हवा. वरच्यांना सांगून आलो.

गोदाकाठ_नांदेड:
म्हणजे माणशी नव्वदच्या आत. मशीन धरूनही फार नाही हो.

मिस्तरी_परभणी:
चावी बदलून घ्या, अन् पाईपाचं तोंड पाण्याच्या वर राहील असं वरच बांधा.

हिंगोलीकर:
आमचा पाईप भिंतीतून पक्का आहे, हौदाच्या तळापर्यंत. काढता येत नाही. मग?

मिस्तरी_परभणी:
नळापाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, त्यातून पाणी उलटं जात नाही. अन् हौदाच्या आत, वरच्या अंगाला पाईपाला भोक पाडा, म्हंजे हवा शिरून उलटी धार तुटती. हौद केवढा हाय?